आपल्या गावच्या नदीतल्या माशांची वही कशी करायची

नदीकाठच्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा की कृष्णेत कुठले मासे असतात, तो सांगणार कटला, रोहू, चिलापी, फारतर मरळ, झालं. हाच प्रश्न त्याच घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारून बघा. तो नदीवर वाढलेला असेल तर नावं सांगता सांगता चहा गार होतो, शिंगटी, वांब, खवली, आळकुट, मळ्या, मुरी, खरपा, डोक, चलट, अहीर, आणि प्रत्येक नावामागं तो मासा कुठं बसतो, कुठल्या महिन्यात अंड्यानं भरतो, कालवणाला बरा का तळायला बरा हे पण येतंच. दोन पिढ्यांत एवढी नावं गळाली. मासा नदीतनं कमी झाला तर जाळ्यात येत नाही म्हणून निदान जाळंवाल्याला तरी कळतं, पण गावाला नावच माहीत नसलं तर तो गेला हे कळणार कुणाला? म्हणून गेली तीन वर्षं मी आमच्या गावच्या टप्प्यातल्या माशांची वही करतोय. मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातला, नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. ही वही कशी करायची ते सविस्तर लिहितोय, कृष्णा, कोयना, वारणा, येरळा, उरमोडी, तुमच्या दाराशी जी कुठली नदी असेल तिथं हे जसंच्या तसं चालेल, आणि ह्याला कसली डिग्री लागत नाही, वर्षभर चिकाटी लागते.

आधी नदीचा अंदाज घ्या. महाबळेश्वरातनं निघालेली कृष्णा धोम, वाई करत खाली येते, माहुलीला वेण्णा मिळते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना, मग ब्रह्मनाळजवळ येरळा, सांगलीशेजारी हरिपूरला वारणा. नकाशावर ही एकच निळी रेघ दिसते पण माशाच्या दृष्टीनं ह्या चार-पाच वेगळ्या नद्या आहेत. वर वाईच्या बाजूला पाणी गार, खळाळतं, तळाला गोटे, तिथं दगडाला चिकटून राहणारे बारके मासे जास्त. खाली भिलवडी, औदुंबर, डिग्रजकडं पाणी संथ, खोल, मऊ गाळाचं, तिथं शिंगाडा, मरळ, मोठ्या अंगाचे मासे. वाईजवळची कृष्णा आणि कोयना ह्या दोन्ही ठिकाणी अभ्यासकांनी मोजणी केलीये तर प्रत्येक ठिकाणी पन्नासच्या आसपास जाती मिळाल्यात, त्यातल्या काही तर सह्याद्रीच्या नद्या सोडून जगात कुठंच नाहीत. म्हणजे साताऱ्यातल्या माणसाची वही आणि सांगलीतल्या माणसाची वही सारखी निघणारच नाही, दुसऱ्याची यादी कॉपी करून आपली भरायची नाही.

टप्पा छोटा धरा. एक किलोमीटर पुष्कळ झाला, पण त्यात वेगवेगळ्या जागा पाहिजेत, एक डोह, एक उथळ खळाळ असेल तर तो, एक ओढा नदीला मिळतो ते तोंड, आणि कोल्हापूर पद्धतीचा बंधारा जवळ असेल तर त्याची खालची बाजू. बंधाऱ्याखाली पाणी पडतं तिथं हवा मिसळते आणि वर जाऊ न शकलेले मासे पण तिथंच गोळा होतात, त्यामुळं एका सकाळी तिथं जेवढं दिसतं तेवढं डोहावर महिनाभर बसून दिसत नाही. ह्या चार जागांना नंबर द्या आणि दर महिन्याला त्याच जागी जा. सुरुवात दिवाळीच्या सुमारास करा, पाऊस थांबलेला असतो, पाणी निवळलेलं असतं, पावसाळ्यात वाढलेली पिल्लं दिसायला लागलेली असतात.

सामान फार नाही. जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल (पेन नको, ओल्या हातानं शाई पसरते), स्टीलची एक फुटी पट्टी, पांढरा प्लास्टिकचा ट्रे, साधा थर्मामीटर आणि फोन. एक जुनी पांढरी थाळी दोरी बांधून बरोबर ठेवा, ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईल तिथं दोरीला गाठ मारून दोरी मोजायची, पाणी किती गढूळ आहे ते आकड्यात कळतं. तीन वर्षांनी "पाणी पूर्वी स्वच्छ होतं" असं म्हणण्यापेक्षा "जानेवारीत थाळी अमुक इतक्या फुटांपर्यंत दिसायची" म्हटलं की ऐकणारा गप्प बसून ऐकतो.

आता मगरीचं. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही पण साताऱ्याकडून कुणी खाली येणार असेल तर नीट वाचा. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज ह्या पट्ट्यात मगरी आहेत आणि त्या नदीच्याच आहेत. थंडीत सकाळी ऊन खायला काठावर येतात, उन्हाळ्याच्या तोंडाला काठच्या मातीत अंडी घालतात आणि त्या काळात मादी जागा सोडत नाही. त्यामुळं गुडघाभर पाण्यात सुद्धा उतरायचं नाही, काठाला वाकून हात धुवायचा नाही, एकट्यानं जायचं नाही, तिन्हीसांजेला तर अजिबात नाही. दुसरं म्हणजे धरणातनं पाणी सोडलंय का ते निघायच्या आधी विचारून घ्या, बंधाऱ्याखाली उभं असताना पाणी वाढायला वेळ लागत नाही. वहीसाठी पाण्यात उतरायची गरजच पडत नाही, मासे बघायचे ते दुसऱ्याच्या जाळ्यातले.

आणि हेच सगळ्यात मोठं काम. स्वतः जाळं घेऊ नका, गावात जे रोज जाळं टाकतात त्यांच्याकडं जा, भोई, कोळी, ट्रकच्या ट्यूबवर बसून पहाटे जाळं काढणारी पोरं. पहिल्या दिवशी वही काढायचीच नाही. माणूस पहाटे तीनला उठून पाण्यात गेलेला असतो, त्याला मासे लवकर विकायचे असतात, तुम्ही फोटो काढत त्याला अडवून धरलं तर तो दुसऱ्यांदा हाक देणार नाही. मी पहिले पंधरा दिवस नुसता जाऊन बसलो, जाळ्यातनं मासे सोडवायला हात लावला, दोन किलो मासे विकत घेतले. सोळाव्या दिवशी त्यांच्यातल्या म्हाताऱ्या भोई आबांनी स्वतःहूनच एक बोटाएवढा मासा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "ह्येला काय म्हणत्यात सांग बरं." मला सांगता आलं नाही. "मुरी हाय ही. वाळूत घुसून बसती. वाळू गेली तशी हीबी गेली, आता कधीतरीच." माझ्या वहीतली पहिली नोंद ती.

नाव विचारताना तीन गोष्टी वेगळ्या लिहा, माशाचं गावातलं नाव, ते कुणी सांगितलं (नाव नको, "वय 70 च्या पुढं, भोई" एवढं बास), आणि शेजारच्या गावात त्याला काय म्हणतात. मरळ सगळीकडं मरळ, पण बारक्या माशांची नावं पाच कोसावर बदलतात, एकाच नावानं दोन गावात दोन वेगळे मासे निघतात, त्यामुळं नाव ऐकलं म्हणजे मासा ओळखला असं धरायचं नाही. तरी ती नावं जपायला पाहिजेत आणि त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. कर्नल साईक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये होता, त्यानं 1839 साली इथल्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली आणि नवीन माशांना नावं देताना इथल्या मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावंच उचलली. म्हणून आजही जगभरच्या पुस्तकांत शिंगटीचं नाव मिस्टस सिंगटी आहे, आपल्या महासीरचं टॉर खुद्री, दगड चाटणाऱ्या मळ्याचं गारा मुल्या, कोळशी माशाचं हिप्सेलोबार्बस कोलस, आणि मुरीच्या शास्त्रीय नावात सुद्धा "मुरी" आहे. जपानमधला शास्त्रज्ञ पेपर लिहिताना आपल्या भोयांचा शब्द वापरतो आणि आपल्या पोरांना तो शब्द माहीत नाही. मला हे वाचून त्या रात्री झोप नव्हती लागली.

ओळखायचं कसं ते आता. पुस्तकातले बारीक बारीक मुद्दे नंतर, आधी तोंड बघा. तोंड वरच्या बाजूला उघडत असेल तर तो वरच्या थरात खाणारा, उदाहरणार्थ कटला किंवा पाण्यावर चमकणारी आळकुट. तोंड खाली वळलेलं असेल तर तळाचं खाणारा. तोंडाखाली चिकटायला चकतीसारखं काही असेल तर खळाळातल्या दगडावरचा, मळ्या तसा असतो, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. तोंडानंतर मिशा मोजा. शिंगटीला मिशांच्या चार जोड्या, अंगाला खवलं नाहीत. कटल्याला मिशी नाहीच. महासीरला दोन जोड्या, ओठ जाड आणि खवलं मोठाली. कोंबडा म्हणजे सायप्रिनस (कॉमन कार्प), त्याला पण दोन जोड्या मिशा पण पाठीवरचा पर लांबलचक, जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला, त्यामुळं महासीरच्या पिल्लाशी गल्लत करायची नाही. मग अंगावरच्या खुणा, टिपके, पट्टे. खवलीच्या एका जातीला कल्ल्यामागं एक आणि शेपटीजवळ एक असे दोन काळे टिपके असतात, दुसरा एक बारका मासा असतो त्याच्या डोळ्यापासून शेपटीपर्यंत सरळ काळी रेघ. डबक्यात, कडेच्या पाण्यात वरून बघितलं तर डोक्यावर पांढरा चमकता ठिपका दिसणारा मासा असतो, तो डासांच्या अळ्या खातो, इथलाच आहे. डास मारायला म्हणून बाहेरून गप्पी आणून सोडायची पद्धत आहे, पण गप्पी नदीओढ्यात गेला की ह्याचंच खाणं आणि ह्याचीच जागा घेतो.

वांब आणि अहीर ह्यांच्यात सगळे फसतात, दोन्ही सापासारखे लांब. वांबेचं थोबाड टोकदार, सोंडेसारखं, आणि पाठीवरनं बोट उलटं फिरवलं तर बारीक काट्यांची ओळ लागते. अहिराला काटे नाहीत, अंग गुळगुळीत, बुळबुळीत. हा फरक नीट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

शिंगटी, शिंगाडा, शिंगी हातात घेताना जपून, परातला काटा लागला तर फार ठणकतं. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, आराम पडतो, सूज वाढली तर डॉक्टर. जिवंत मासा कुठलाही असो, हात आधी ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच त्याला रोगापासून वाचवत असतो, वरून सोडला तेव्हा जिवंत दिसतो पण पुढं टिकत नाही.

फोटो काढायची पण रीत आहे. मासा ट्रेमध्ये डावी बाजू वर, डोकं डावीकडं, पर पसरलेले, शेजारी पट्टी. पट्टी नसली तर दहा रुपयाचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटरचं असतं. एक फोटो पूर्ण माशाचा, एक तोंडाचा खालून, एक शेपटीचा. सावलीत काढा, उन्हात खवलं चमकतात आणि टिपके दिसत नाहीत. लांबी मोजायची ती तोंडापासून शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंत, पर मोजायचा नाही कारण तो तुटलेला असतो कधीकधी. हे फोटो आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या वेबसाईटवर टाकले तर ओळखायला मदत करणारी माणसं मिळतात, फिशबेस ह्या माशांच्या माहितीच्या वेबसाईटवर नाव टाकून ताडून बघता येतं. पण खात्री झाली नाही तर प्रश्नचिन्ह टाकून ठेवा, माझ्या वहीत अजून सहा प्रश्नचिन्हं आहेत आणि ती खोडायची मला घाई नाही.

बाजारातला मासा मोजू नका. आठवडी बाजारात बर्फातला मासा असतो तो आंध्राच्या तळ्यातला किंवा उजनीचा असू शकतो, विकणारा "नदीचाच हाय" म्हणाला तरी. ज्या जाळ्यातनं निघताना बघितला तेवढाच वहीत.

वहीत एक रकाना "बाहेरचा का इथला" असा ठेवाच. हे लोकांना पटत नाही, पण कटला, रोहू, मृगळ हे कृष्णेचे मूळचे नाहीत, गंगेच्या खोऱ्यातले आहेत, मत्स्यबीज म्हणून आणून सोडलेले. कोंबडा, गवत्या, चंदेरा हे परदेशी. चिलापी आफ्रिकेतली, भारतात 1952 साली आली, आणि आज आमच्या टप्प्यात बरेच दिवस निम्मं जाळं चिलापीनं भरतं. तिची खूण काठावरनं सुद्धा दिसते, हिवाळा संपता संपता उथळ पाण्यात चिखलात ताटाएवढे गोल गोल खड्डे दिसले तर ते चिलापीच्या नरांनी केलेले असतात, मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, त्यामुळं तिची पिल्लं जगतात जास्त. त्या खड्ड्यांची मोजणी करा, वर्षातनं एकदा, चिलापी वाढतीये का घटतीये त्याचा ह्याहून सोपा अंदाज मला तरी माहीत नाही. मी चिलापीच्या विरोधात नाही, गरिबाच्या ताटात ती येते, मच्छीमाराचं घर तिच्यावर चालतं, पण नदीत चिलापीच राहिली तर नदीतली बाकी कामं करायला कुणी उरत नाही. थाई मांगूर ह्या परदेशी मांसखाऊ माशावर सरकारनं 2000 साली बंदी घातली, तरी पुराच्या पाण्यात शेततळी फुटली की काय काय नदीत येतं कोण बघतंय. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेलं, 2021 ला परत पूर, अशा पुरानंतरच्या हंगामात वहीत नवीन पाहुणे जास्त सापडतात, तेव्हा दुप्पट फेऱ्या मारा. आणि घरातल्या फिशटँकमधला मासा नको झाला म्हणून नदीत सोडणं हे पुण्य नाही, एवढं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगा.

वर "कामं" म्हणालो त्याचा अर्थ. मळ्यासारखे मासे दगडावरचं शेवाळ खरवडतात, ते नसले तर दगड बुळबुळीत होतात आणि शेवाळाखालचे किडे कमी होतात. तळाचे मासे गाळ उकरतात, पडलेला पालापाचोळा, मेलेलं काय असेल ते खातात. बारके मासे डासांच्या अळ्या खातात. मरळ, शिंगाडा हे शिकारी बारक्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. आणि एक गोष्ट मला शिकायला फार आवडली ती शिंपल्यांची. आपल्या नदीतल्या मोठ्या शिंपल्यांची अगदी बारीक पिल्लं काही दिवस माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून राहतात, तिथं वाढतात आणि मग सुटून तळाला पडतात, माशाशिवाय त्यांचं पुढचं आयुष्य सुरूच होत नाही. शिंपला जागेवर बसून दिवसभर पाणी गाळत असतो. म्हणजे मासा गेला की शिंपला जातो आणि शिंपला गेला की पाणी गाळणारा जातो, आणि वरच्या बाजूला बघायचं तर पाणकावळा, खंड्या, पाणमांजर, मगर, सगळ्यांचं पोट माशावर. म्हणून वहीच्या मागच्या पानांवर शिंपले, पक्षी, पाणमांजराच्या पावलांचे ठसे दिसले तर ते पण लिहा, एका ओळीत का होईना.

आता चढण. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओढ्याचं लाल पाणी नदीत शिरलं की मासे उलटे वर चढतात, ओढ्यात, नाल्यात, पाणी भरलेल्या शेतात, अंडी घालायला. आपल्याकडं चढणीच्या माशाची फार हौस, बॅटऱ्या घेऊन रात्रभर लोक ओढ्यावर, अंड्यांनी भरलेली गाभोळी म्हणून अजूनच गोड लागते. मी पण लहानपणी वडलांबरोबर गेलोय, ती मजा मला माहीत आहे, म्हणूनच सांगतो, ती आठ-दहा रात्रीची मजा म्हणजे पुढच्या वर्षीचं सगळं पीक पेरणीआधीच खाणं आहे. एका मादीच्या पोटात हजारोंनी अंडी असतात. वहीसाठी त्या रात्री जाऊन नुसतं बघा आणि लिहा, कुठल्या ओढ्यात चढण आली, किती तारखेला, किती पावसानंतर, कुठल्या जातीचे दिसले, आणि कुठं अडकले. अडकले हे महत्त्वाचं, सिमेंटच्या पाईपखाली दोन फुटाची पायरी झालेली असते, मासा तिथं आपटून आपटून मागं फिरतो, ती जागा फोटोसकट लिहून ठेवली तर पुढं ग्रामपंचायतीला दगड रचून उतार करून द्या म्हणता येतं. आमच्या ओढ्यावर चार पोरांनी एका रविवारी ते काम केलं, खर्च चहाचा.

मरळीचं पण तसंच, पाणवनस्पतीत तांबडी पिल्लं घोळक्यानं वर येऊन हवा घेताना दिसली तर खाली आईबाप राखण करत असतात. त्यांना त्या वेळी गळ लावला तर पिल्लांना दुसरे मासे तासाभरात संपवतात. तारीख लिहा आणि पुढं चला.

उन्हाळ्यात वेगळी नजर लागते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात मैला किंवा कारखान्याचं सांडपाणी आलं की ते कुजवताना जीवाणू उरलेला पण संपवतात. लिटरला पाचेक मिलिग्रॅम असला तर मासा सुखात, तीनच्या खाली गेला की तडफड. किट नसलं तरी पहाटे नदीवर गेलात आणि मासे वर तोंड काढून हवा गिळताना दिसले, पाणी काळसर, फेस, मळीसारखा वास, तर समजा. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळच्या अंकलीला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, बातम्या सगळ्यांनी बघितल्या, पण त्यात कुठल्या जाती किती होत्या हे गावागावाच्या वहीत असतं तर नुसतं "हजारो मासे" म्हणून विषय संपला नसता. असं काही दिसलं तर आधी वेळ लिहा, मग जागा, मग फोटो पट्टी ठेवून, जातीवार अंदाजे मोजणी, आणि स्वच्छ बाटली पाण्याखाली बुडवून गळ्यापर्यंत भरा, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, बर्फात ठेवा. त्याच दिवशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसला कळवा, सांगली आणि सातारा दोन्हीकडं त्यांची ऑफिसं आहेत, आणि ग्रामपंचायतीकडून पंचनामा मागा, लेखी. दुसऱ्या दिवशी पाणी वाहून गेलेलं असतं, मेलेले मासे घारी-कुत्र्यांनी नेलेले असतात. एक मात्र करायचं नाही, ते मासे गोळा करून खायचे किंवा विकायचे नाहीत.

बॉम्ब टाकून किंवा विष कालवून मासे मारणं हा गुन्हा आहे, आजचा नाही, 1897 च्या मत्स्य कायद्यापासून. दिसलं तर पोलिसांना सांगा, अंगावर जाऊ नका.

वर्ष भरलं की वही घरात ठेवायची नाही. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही पाहिजे. तुमच्या गावची नोंदवही मागून बघा, मासे ह्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. आमच्याकडं चार नावं होती आणि त्यातली तीन बाहेरच्या माशांची. तुमच्या वहीची झेरॉक्स अर्जासकट द्या, पोच घ्या, शाळेत एक प्रत द्या. फक्त एक झाकून ठेवा, महासीर किंवा दुर्मिळ मासा कुठल्या डोहात दिसला ती नेमकी जागा. इंटरनेटवर जागा टाकली की आठवड्यात तिथं गाड्या उभ्या राहतात. वहीत पण मी त्या डोहाला नुसता नंबर दिलाय.

आणि ज्यांनी नावं सांगितली त्यांना वही वाचून दाखवा. मी गेल्या उन्हाळ्यात आबांना सगळी वाचून दाखवली, त्यांनी दोन ठिकाणी चुका काढल्या, एका पिल्लाला मी वेगळीच जात समजून लिहिलेलं. मग विचारलं, "अहीर न्हाई ल्हिवला?" मी म्हटलं तीन वर्षांत दिसला नाही, दिसल्याशिवाय कसा लिहू. तर त्यांनी हाताची वीत करून जाडी दाखवली, पुलाखालच्या कपारीत सापडलेला, काटा नव्हता पाठीला, बोट फिरवून बघितलेलं. अहीर जन्मतो समुद्रात. पिल्लू नदीत शिरतं, वर चढत येतं, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतं आणि अंडी घालायला परत समुद्राला जातं. कृष्णेचा समुद्र म्हणजे आंध्रातला बंगालचा उपसागर, मधे प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर, अलमट्टी, आणि त्यानंतर आपले म्हैसाळ, सांगलीचे बंधारे. आबांच्या हातातला तो अहीर एवढ्या लांबनं आलेला होता, का आधीच्या एखाद्या मोकळ्या वर्षी चढलेला आणि इथंच अडकून म्हातारा झालेला, हे आता कुणाला सांगता येणार नाही. मी वहीत शेवटच्या पानावर वेगळा रकाना पाडला, "ऐकलेले, अजून न दिसलेले", आणि त्यात पहिलं नाव पेन्सिलीनं घातलं, अहीर, पुलाखालची कपार, सांगणारे वय 70 च्या पुढं, भोई, पाठीला काटा नाही. तुमच्या वहीत हा रकाना पहिल्या दिवशीच पाडा.